कड्यापर्यंत

१८ नोव्हेंबर

उसवलं! सगळंच्या सगळं उसवलं!

दोन तास खपून फूल केलं होतं. मोबाईलवरची बाई म्हणते, अगदी नवशिक्यांसाठी आहे, वीस मिनिटांत होईल. वीस मिनिटं तिची. माझे दोन तास, गार झालेला चहा आणि मानेत कळ. मधे पिवळा गोल, भोवती गुलाबी पाकळ्या. आता हिरवा फेरा घेतला की फुलाचा चौकोन होणार, एवढ्यात दूध वर आलं. गॅस बंद करून येते तो सासूबाईंच्या मांडीवर नुसती कुरळी लोकर. आणि ह्या हिंचक्यावर झोके घेत पाय हलवतायत, वाटाणे सोलून झाल्यासारख्या!

ओरडले. फार ओरडले. "काय केलंत हे आई? कळतं का काही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नाहीच. म्हणाल्या, "हळू बोल. वर्ग चालू आहे."

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१९ नोव्हेंबर

आज जरा शांत आहे. आई झोपल्यात, तोवर लिहिते.

वैष्णवीचं लग्न सोळा फेब्रुवारीला. पोरगी बंगळूरला बसून अर्ध्या गुजरातीत हुकूम सोडते — "मम्मी, आ जो ने, केटलुं क्यूट छे! फुलांचे चौकोन. बारा केलेस की टेबलाचा पट्टा होतो. रुखवतात विकतचं काही नको मला. तुझ्याच हातचं पाहिजे." व्हिडिओ पाठवला आणि मोकळी झाली.

माझ्याच हातचं. तिला काय माहीत!

माझ्या रुखवतात क्रोशाचा टेबलक्लॉथ होता. पांढराशुभ्र, अननसाच्या नक्षीचा. वर चिठ्ठी — 'कु. शालिनी हिने विणलेला'. कु. शालिनीने तोवर क्रोशाची सुई हातात धरली नव्हती. कोयलीला आमच्या क्वार्टरशेजारी अहल्यामावशी राहायच्या, टेबलक्लॉथ त्यांचा. आमच्या आईने एका दिवसापुरता मागून आणला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री करून परत दिला. बाबा रिफायनरीत, आम्ही जळगावकडचे साधे लोक. आणि स्थळ कुठलं, तर पणजोबा गायकवाडी पलटणीत होते म्हणून अजून तलवार पुसणाऱ्यांचं. रुखवत रिकामं कसं दिसू द्यायचं? सगळेच करतात, आई म्हणाली.

सगळेच करत असतील. पण सगळ्यांच्या सासवा सव्वीस वर्षं मुलींना क्रोशा शिकवत नव्हत्या.

कौशल्याबाई म्हटलं की त्या वर्गातल्या मुलींच्या हातातली सुई गळायची म्हणे. मांडवात त्या रुखवतापाशी आल्या. टेबलक्लॉथचं टोक उचललं आणि उलटं केलं. मागची बाजू पाहिली. मग मान वर करून मला पाहिलं. टोक होतं तसं ठेवलं आणि पंगतीला गेल्या.

एक शब्द नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे बत्तीस वर्षांत नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं! भांडले असते, पाया पडले असते, संपलं असतं. त्याऐवजी माझं सगळंच कोणीतरी उलटं करून बघतंय, असं वाटत राहिलं. पोळी, पापड, पोरगी — सगळं. 'छान' म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत. एकदाही नाही! मी मोजत होते.

२२ नोव्हेंबर

संयोगिताताई करजणहून आल्या होत्या. ह्यांची थोरली बहीण. बोलायला चांगल्या, पण एकदा विषय धरला की सोडत नाहीत.

"जो शालिनी, मी सीधी वात करते, सरळच सांगते. दिवाळीत आई बाहेर निघून गेली, पार रिफायनरीच्या रोडवर सापडली. रिक्षावाला भला माणूस म्हणून घरी आणून सोडलं. दर वेळेस असा भेटेल का?"

करजणजवळ एक संस्था आहे. बाग आहे, दोन वेळ नर्स येते, फाटकाला कुलूप असतं. ताईंच्या घरापासून दहा मिनिटं. त्या रोज जाऊन बघतील.

हे पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसले. मग म्हणाले, "लग्न होऊ दे. तोवर डोकं थोडंफार चालतंय असं दिसलं तर घरातच राहू दे. नाही तर मग तू म्हणतेस तसं."

इथे कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. ताईंना संस्थेचं आधी मीच सुचवलं होतं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, फोनवर. माझ्याने होत नाही. सकाळी अंघोळीला अर्धा तास झटापट. जेवल्या तरी "मला उपाशी ठेवते ही" म्हणून शेजारच्या बेनना सांगतात. रोज विचारतात, "तू कोण?" रोज सांगायचं. बत्तीस वर्षं ज्यांच्या नजरेला भ्यायले, त्यांना आता मी दिसतच नाही.

२५ नोव्हेंबर

काय लिहू?

दुपारी पुन्हा विणायला बसले. या वेळी त्यांच्यापासून लांब, जेवणाच्या टेबलावर. पिवळा गोल झाला आणि फोन वाजला. वळून बघते तर आई मागे उभ्या, गोल त्यांच्या हातात. मी झडप घालणार तोच म्हणाल्या, "पंधरा आहेत."

"काय पंधरा?"

"खांब, हे उभे टाके. सोळा पाहिजेत. पहिल्या तीन साखळ्या एक खांब धरायचा, मग पंधरा अजून घालायचे. तू चौदाच घातलेस."

ओढून घेतलं आणि मोजलं. पंधरा! पुन्हा मोजलं. पंधराच.

ज्या बाईला सकाळचं आठवत नाही, नातीचं नाव आठवत नाही, तिने डोळ्याला लावूनही पाहिलं नव्हतं. अंगठा नुसता कडेने फिरवला होता.

गोल त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी शांतपणे उसवला.

२६ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. खरं वाटेना. आज मुद्दाम घरी थांबले. मी केलेलं फूल आईंच्या हातात दिलं. सवयीने आधी उलटं केलं, मग म्हणाल्या, "ही पाकळी दोनच खांबांची. तीन पाहिजेत. ढील कशाला दिलीस एवढी?" आणि उसवून टाकलं.

हे खुर्चीवरून उठले. मग बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. चष्म्यात धूळ गेली म्हणाले. चष्मा टेबलावरच होता!

१ डिसेंबर

त्यांची पद्धत लिहून ठेवते.

चूक झाली की चुकीपर्यंत उसवायचं नाही. कड्यापर्यंत. म्हणजे सुरुवातीला चार साखळ्या जोडून जे इवलं कडं करतो, तिथपर्यंत सगळं. शेवटच्या फेऱ्यातला शेवटचा खांब चुकला तरी! मी म्हटलं, "अहो, एवढाच तर कोपरा चुकलाय."

"कोपरा चुकलाय ते आत्ता दिसलं. आत काय चुकलंय ते कधी दिसणार?"

उसवलेली लोकर अंगठा आणि करंगळीवर आठाच्या आकड्यासारखी गुंडाळायची, मधोमध दोन वेढे द्यायचे, की लडी. ती लडी हिंचक्याच्या कडीतल्या हुकाला टांगायची. वर्गातल्या मुलींच्या लड्या अशाच खिडकीला टांगायच्या म्हणे. ज्या मुलीच्या लड्या जास्त, ती मान खाली घालून बसायची. तिचं काम उसवलं गेलंय हे सगळ्यांना दिसावं म्हणून!

काय बाई होती! आणि अशा घरात मी मागून आणलेला टेबलक्लॉथ मांडला.

५ डिसेंबर

बाजारातून लोकर आणली. दुकानदार म्हणाला, "बेन, शीखता हो तो आ जाडुं ऊन लो." म्हटलं, जाडं नको, घरात परीक्षक बसलेत.

आज चार लड्या.

९ डिसेंबर

आज एक चौकोन उसवला नाही! उलटा केला, सुलटा केला, चारही कोपऱ्यांना अंगठा लावला. मग माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाल्या, "दुसरा घे."

छान नाही. बरा नाही. दुसरा घे! पण मी दिवसभर हवेत होते. छप्पन्न वर्षांची बाई, आणि पास झाल्यासारखी उड्या मारतेय.

आठ पाकळ्या, आठ फटी. एक फट सोडून एक कोपरा — तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. मधल्या फटीत नुसते तीन. तेव्हा कुठे गोल फुलाचा चौकोन होतो. त्या म्हणतात, "आठ नसतील तर चार कोपरे आणशील कुठून?"

१४ डिसेंबर

चादर ओली. पुन्हा. पहाटेपासून तीन वेळा. काही लिहवत नाही.

१९ डिसेंबर

हे फिरून आले की चपला काढायच्या आधी हुकाकडे बघतात. लडी दिसली की चेहरा उजळतो. "आज किती?" मी म्हणते, दोन. मग ताईंना फोन — "आईनं आज दोन पकडल्या. बराबर मोजलं हं एकदम!" पलीकडून ताई काय म्हणतात ऐकू येत नाही, पण फोन ठेवल्यावर हे मला म्हणतात, "करजणचं बघू पुढे."

एवढंसं भेंडोळं ते लोकरीचं. त्याच्यावर आमचं घर टांगलंय.

२३ डिसेंबर

नवीनच पंचाईत! मला यायला लागलं.

तीन दिवस झाले, चूक नाही. त्या बघतात, "दुसरा घे." लडी नाही. पाच चौकोन झाले. पण आई कावऱ्याबावऱ्या. हिंचक्यावरून उठतात, फाटकापाशी जातात, "मुली कुठे गेल्या सगळ्या?" म्हणतात. काल माझ्यावर सुई चोरल्याचा आळ घेतला. सुई त्यांच्याच अंबाड्यात होती. आणि हे हुकाकडे बघून चपला काढतात. "तीन दिवस झाले," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, मी चुकतच नाहीये!"

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

२४ डिसेंबर

मुद्दाम चुकले. एका कोपऱ्यात तीनऐवजी दोन खांब.

पकडलं! कड्यापर्यंत उसवलं! लडी टांगली, बसल्या आणि वरण-भात निमूट जेवल्या.

तर आता हे काम माझं. लग्नासाठी चांगले चौकोन सकाळी करायचे, त्या उठायच्या आत. दुपारी त्यांच्यासाठी एक चुकीचा. आयुष्यभर या बाईसमोर चूक होऊ नये म्हणून जीव टाकला. आता बसून विचार करते — आज काय चुकू?

२ जानेवारी

हे लिहिलंच पाहिजे. एक शब्दही विसरायचा नाही.

दुपारी उन्हात बसलो होतो. वारा कोयलीकडून, तो रिफायनरीचा वास. मला त्या वासाने माहेरची आठवण येते, लोकांना डोकं दुखतं. आईंनी चौकोन हातात घेतला, उलटा केला. बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा अहल्याचा नाही."

मी सुई खाली ठेवली. "कोण अहल्या?"

"अहल्या. कोयलीची. माझ्या वर्गात होती तीन वर्षं. तिचा मुका खांब, तो बुटका टाका, घट्ट असतो, सुई शिरत नाही. मी किती वेळा उसवायला लावलं, तरी घट्टच." मग माझ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा ढिला आहे. दर तिसरा ढिला. हा शालिनीचा हात."

शालिनी! सहा महिन्यांत पहिल्यांदा नाव घेतलं. मी समोर बसलेय, मला ओळखत नाहीत. पण टाक्यावरून ओळखलं!

विचारू नये ते विचारलं. "शालिनीच्या रुखवतात जो टेबलक्लॉथ होता, तो?"

"तो अहल्याचा." एकदम सरळ सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं. "मी उलटा केला आणि ओळखला."

"मग बोलला का नाहीत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, वर्गातल्या मंद मुलीकडे बघावं तसं. "कोणाला बोलायचं? मांडव भरलेला. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं. येसूबाई विचारत होत्या, सून हाताची कशी आहे. मी म्हटलं, चांगली आहे."

येसूबाई म्हणजे त्यांच्या जाऊबाई. भावकीतली सगळ्यात तिखट जीभ. त्यांना सांगितलं — चांगली आहे!

बत्तीस वर्षं मला वाटत होतं की त्या मला उलटी करून बघतायत. त्या झाकून उभ्या होत्या. आणि मी त्यांना करजणला पाठवायचं ठरवलं, तेही फोनवर, आवाज खाली करून.

पाया पडले. "कोण ग तू?" म्हणाल्या. "घरी जा आता, वर्ग सुटला."

३ जानेवारी

ताईंना फोन करून सांगितलं, आई कुठे जाणार नाहीत. लग्नानंतरही नाही. ताई म्हणाल्या, "शालिनी, तूच म्हणाली होतीस."

म्हटलं, मी म्हणाले होते. चुकलं.

"आणि उद्या तिला काहीच कळेनासं झालं तर? तू एकटी उचलणार? माझ्या भावाची, विक्रमसिंहची तर कंबर गेलेली. भावनेत येऊन बोलू नकोस. डोकं चालतंय तोवर ठीक, असं ठरलंय आपलं."

डोकं चालतंय तोवर. बरं. रोज एक लडी देईन मी तुम्हाला.

१४ जानेवारी

उत्तरायण, पतंगांचा दिवस. सकाळपासून भोंगे, गच्ची गच्चीवर "काट्यो छे!" आई कानावर हात ठेवून आतल्या खोलीत. उंधियूचं ताट समोर तसंच राहिलं.

चौकोनातला एक खांब कमी होता. दिसला नाही त्यांना. "दुसरा घे," म्हणाल्या.

एवढ्या गोंगाटात कोणाचं लक्ष लागेल! माझंही लागत नव्हतं.

१६ जानेवारी

आज गोंगाट नव्हता.

कोपऱ्यात दोनच खांब ठेवले. फिरवलं, चाचपलं. "दुसरा घे."

खोली अंधारी होती. उद्या बाहेर उन्हात देते.

१७ जानेवारी

उन्हात दिलं. नाही.

हे आले. हूक रिकामा. मी म्हटलं, "आज विणायला वेळच नाही झाला, आमंत्रणं लिहीत होते." हे म्हणाले, "बरं." मी आमंत्रणं लिहिली नव्हती.

२१ जानेवारी

आता मोठ्या चुका ठेवते. दोन कोपरे कमी. आज पकडलं! पण सांगता आलं नाही काय चुकलंय. नुसतं "हे... हे..." करत बोट आपटत राहिल्या. मग उसवलं. लडी बांधताना आठाचा वेढा जमेना. मी त्यांचा अंगठा धरून ठेवला.

चालेल. उसवलं ना! ह्यांनी ताईंना फोन केला.

२९ जानेवारी

दहा चौकोन तयार. सुरेख झालेत, मीच म्हणते. वैष्णवीला फोटो पाठवला. उत्तर आलं — हृदयं, हृदयं, आणि "मम्मी तू तर एक्स्पर्ट!! चिठ्ठी मी लिहीन हं, 'माझ्या आईने विणलेला'."

या वेळी चिठ्ठी खरी असेल. हे सांगायला ज्यांच्याकडे जावं, त्या शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्यात.

४ फेब्रुवारी

सात पाकळ्या ठेवल्या. एक बाजू आखूड, वाकडंतिकडं, ठिगळच.

फार वेळ बघत राहिल्या. उलटं, सुलटं, उलटं. मग अंगठ्याने एकेक पाकळी मोजली. दोनदा. तिसऱ्यांदा. "सात," म्हणाल्या. "सात कशा ग?"

"चुकलं आई," म्हटलं. "उसवा."

उसवलं. कड्यापर्यंत नाही, अर्ध्यावर सोडून दिलं आणि लोकर खाली पडू दिली. उरलेलं मी ओढलं. लडी मी बांधली. त्यांनी उसवलं हे काही खोटं नाही. सुरुवात त्यांचीच होती.

६ फेब्रुवारी

काही खाल्लं नाही. ओठांपाशी चमचा नेला की तोंड फिरवतात. डॉक्टर म्हणाले, असं होतं.

८ फेब्रुवारी

ताई आल्या लग्नासाठी, सामानसुमान घेऊन. आल्या आल्या हुकाकडे बघितलं. तिथे चार तारखेची लडी अजून होती. मी काढली नव्हती.

जेवताना विषय काढलाच. "करजणला एक खोली अठरा तारखेला रिकामी होते. त्यांना हो-ना सांगायचंय सोमवारी." मग माझ्या हातावर हात ठेवला. "मी वाईट नाही ग. ती माझीच आई आहे. पण तिला काही कळतच नसेल, तर तू का मरतेस? कळत असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. तू म्हणतेस ना, चूक पकडते. मी आहे इथे, बघते."

सोमवार म्हणजे परवा.

९ फेब्रुवारी

बारावा चौकोन झाला. पट्टा जोडून टाकला. आईंच्या मांडीवर ठेवला. पदर समजून डोक्यावर घ्यायला लागल्या.

१० फेब्रुवारी

बारा खांब. सहा पाकळ्या. तीन कोपरे. चौकोन नाहीच, तिकोन! शाळेत न गेलेल्या पोरालाही कळेल असा. ताई आत आहेराच्या साड्या लावत होत्या. हे लग्नाच्या हॉलवर गेले होते.

आईंनी तो उलटा केला नाही. सुलटाच मांडीवर ठेवला. वरून हात फिरवला. आणि हसल्या.

"छान झालाय चौकोन," म्हणाल्या. "फार छान केलास."

तिकोन घेऊन बाथरूममध्ये गेले. नळ सोडला. शेवटची गाठ काढली आणि ओढत गेले — हिरवा, गुलाबी, पिवळा — कड्यापर्यंत. अंगठा आणि करंगळीवर आठाचे वेढे घेतले, मधोमध दोन दिले. तोंड धुतलं. बाहेर येऊन लडी हुकाला टांगली.

ताई हातात साडी घेऊन दारात आल्या. लडीकडे बघितलं, मग आईंकडे. "तिनं उसवला?"

"हो," म्हटलं. "उलटा करून बघितला आणि लगेच."